नागाचा फणा आणि भयाचा सिद्धांत

नागपूजा भीतीतून जन्मली, हे मत इतके रुळले आहे की ते कुणी तपासत नाही. विषारी प्राण्याला माणूस घाबरला आणि त्याने हात जोडले, असा हा युक्तिवाद.

महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर उठणारे साप मुख्यतः चार : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री अंथरुणात शिरते, चावल्याचे कित्येकदा कळतही नाही. कोकणात फुरशाची धास्ती काही कमी नाही. तरी श्रावण शुद्ध पंचमीला हळद-चंदनाने पाटावर काढतात तो नागच. भय हेच कारण असते, तर उरलेल्या तिघांनाही नैवेद्याचा वाटा मिळाला असता. त्यांच्याकडे नाही असे नागाकडे एकच आहे : फणा.

या फण्याचे शिल्पकारांनी काय केले ते अजिंठ्यात दिसते. 19 क्रमांकाच्या लेण्याबाहेर राणीशेजारी नागराज ऐटीत बसला आहे. देह माणसाचा, डोक्यामागे सात फण्यांचे वलय, राणीच्या मागे एकच फणा. चेहऱ्यावर राग नाही, दातांत विष नाही. मुचलिंद बुद्धावर फणा धरतो, धरणेंद्र पार्श्वनाथांवर, शेष विष्णूवर. तिन्ही ठिकाणी फणा म्हणजे छत्र, आणि छत्र हे राजाचे चिन्ह.

यावर आक्षेप येतो तो डुखाचा. खरा नाग डूख धरत नाही आणि दूधही त्याचे अन्न नव्हे. पण नागपंचमीच्या कहाणीतला नागिणीचा डूखही निष्कारण नाही. शेतकऱ्याच्या नांगराच्या फाळाने तिची पिले मरतात, म्हणून ती त्याचे घर संपवते. त्याच्या लेकीची भक्ती पाहून तीच अमृत देते आणि मेलेले उठतात. त्या दिवशी जमीन खणायची नाही, नांगरायची नाही, हा नेमही हेच सांगतो : भुईचा आधीचा मालक खाली आहे. वारुळाला फूल वाहणे ही त्या मालकाची, राखणदाराची मान्यता. गुप्तधनावरचा नाग याच समजुतीतला.

भाषाही याच बाजूने साक्ष देते. मराठीत नागेश, नागनाथ, नागोजी, नागूबाई ही नावे हौसेने ठेवली गेली. सापाच्या नावाने मूल कुणी हाकारले नाही. दगाबाजासाठी हिंदीने बाहीत साप ठेवला, मराठीने मात्र अस्तनीत निखारा.

दुसरे टोक म्हणजे प्रत्येक नाग हा नागवंशी माणूसच मानणे. या मताला आधार आहे. वाकाटकांच्या ताम्रपटांत पहिल्या रुद्रसेनाचा आजा म्हणून भवनागाचे नाव येते, आणि वाकाटक राणी प्रभावतीगुप्तेची आई कुबेरनागा नागकुळातली होती. 15 ऑक्टोबर 1956 च्या नागपूरच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षेसाठी हेच शहर का निवडले, याचे कारण बौद्ध धर्माचा प्रसार करणाऱ्या नाग लोकांशी जोडले. नागराजे होऊन गेले, हे निर्विवाद. मात्र म्हणून कहाणीतल्या नागिणीला वंशावळ जोडणे हा अतिरेकच. संस्कृतात नाग म्हणजे हत्तीही, पंचांगात ते एका करणाचे नाव, योगग्रंथांत एक उपप्राण. अर्थ प्रत्येक वेळी संदर्भानेच ठरवावा लागतो : ताम्रपटात कुळ, वारुळापाशी राखणदार, आणि वैद्याच्या नागभस्मात निव्वळ शिसे.