अकरा अंकांचा कंठहार

भोरजवळील भाटघर धरण पूर्ण भरले की वर्तमानपत्रांत २३.५ टीएमसी हा आकडा झळकतो. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी, अर्थात एक अब्ज घनफूट. वेळवंडी नदीचे एवढे पाणी तेथे साठते. आकडा वाचून आपण थक्क होतो आणि पान उलटतो. संख्येचे मोठेपण असे क्षणात दिसते. तिचा स्वभाव मात्र तिचे अवयव पाडल्याखेरीज कळत नाही.

या साठ्याच्या निम्म्याहून थोडी अधिक अशी एक संख्या घेऊ: १२,३४,५६,५४,३२१. इसवी सन ८५० च्या सुमारास, राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या संस्कृत ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. एकापासून सहापर्यंत चढत जावे आणि त्याच क्रमाने उतरावे, अशी तिची रचना. दोन्ही टोकांकडून सारखे वाचले जाणारे असे गुणाकार आचार्यांना कंठहारासारखे भासले.

ही शोभा योगायोगाची नव्हे. ही संख्या १,११,१११ चा वर्ग आहे. १,११,१११ चे मूळ अवयव ३, ७, ११, १३ आणि ३७. वर्गात प्रत्येक दोनदा येतो, म्हणून या संख्येला तब्बल २४३ विभाजक आहेत. तिच्या अंकांची बेरीज ३६, म्हणजे सहाचा वर्ग. आणि ३ व ६ मिळून ९, म्हणून नऊने तिला निःशेष भाग जातो.

सुमारे अकराशे वर्षांनी देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) याच कुळातील संख्यांकडे वळले. मुंबईजवळच्या एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून त्यांनी त्यांना ‘डेम्लो’ म्हटले. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी ती ‘हर्षद’ संख्या, हे नावही त्यांचेच. आपली संख्या विषम आहे, ३६ ने ती भागली जात नाही. म्हणून ती डेम्लो आहे, पण हर्षद नाही. १२,३२१ मात्र दोन्ही आहे: अंकांची बेरीज ९ आणि भागाकार १,३६९.

संख्यांचे असे वर्ग पाडणे जैन परंपरेला नवीन नाही. आगमांत संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद आहेत. संख्यातातील शीर्षप्रहेलिका म्हणजे ८४ लक्ष या संख्येचा अठ्ठाविसावा घात. तो लिहायला १९४ अंक लागतात. त्यापुढे भाटघरचा आकडा अगदीच लहान.

घरातील मुलांनी नऊ एककांपर्यंतच्या वर्गांचा हार कागदावर मांडून पाहावा. दुकानातील बारा अंकांचे कॅल्क्युलेटर शेवटी थिटे पडेल. १ सोडल्यास त्यांत दोनच हर्षद संख्या सापडतील. एक वर आली आहे, दुसरी शोधावी. दहा एककांच्या वर्गात हातचा येतो आणि हार तुटतो: १२३४५६७९००९८७६५४३२१.