बुलेट आहे, गळणारच!

"बुलेट आहे साहेब, थोडं ऑइल गळणारच."

हे वाक्य मी वर्षभरात नांदेडच्या तीन गॅरेजमध्ये ऐकलं. बुलेटवाले तर ते कौतुकाने म्हणतात. जिथे उभी राहते तिथे सही करून जाते म्हणे! आमच्या घरी गाडीखाली कायम एक पुठ्ठा अंथरलेला असायचा, तो काळा झाला की दुसरा. लहानपणी मला वाटायचं, पुठ्ठा हा बुलेटचाच एक पार्ट आहे.

आता मला या वाक्याचा मनापासून राग येतो. का ते सांगतो.

गाडी बाबांची, 1994 ची, जुन्या कास्ट आयर्न इंजिनची. टॅपेट कव्हरखाली तेलकट ओल दिसायची. पहिल्या गॅरेजने कव्हरचा नट करकचून आवळला. (तो नट जास्त आवळला की कव्हरच वाकतं आणि गळती वाढते, हे मला फार नंतर कळलं.) दुसऱ्याने नवीन गॅस्केट टाकून वरून सिलंटचा जाडजूड लेप दिला. तिसरा म्हणाला, जाड ऑइल टाका. दर वेळी आठ-दहा दिवस बरे गेले, की पुठ्ठा पुन्हा काळा. मीही प्रत्येक वेळी मुकाट पैसे देऊन आलो. अर्ध्या तासात गाडी मिळाली ना, मग झालं!

मागच्या महिन्यात लातूरला सासुरवाडीला निघालो. बायको मागे. लोहा, अहमदपूर झालं, आणि चाकूरच्या अलीकडे एका वळणावर मागचं चाक सटकन सरकलं. पडलो नाही, पण दोन मिनिटं दोघंही काही बोललो नाही. उतरून बघतो तर मागच्या टायरच्या कडेला ऑइल. 'थोडं गळणारच' मधलं थोडं ते हेच.

लातूरला दारात गाडी लावली तर मेव्हण्याचा पहिला प्रश्न, "दाजी, ऑइल गळायलंय की हो!" तोच मला त्याच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे घेऊन गेला. चाचांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी रॉकेल आणि ब्रशने इंजिन लख्ख धुतलं, सुकवलं, आणि त्यावर चक्क अंगाला लावायची पावडर भुरभुरली. मग गाडी चालू करून समोर स्टूल टाकून बसले. म्हणाले, "तेल निघतं वर, दिसतं खाली, आणि गाडी पळताना वाऱ्यानं जातं मागं. दिसतंय तिथं हात घालायचा नाही."

दहा-पंधरा मिनिटांत पावडर दोन ठिकाणी भिजली. टॅपेट कव्हर आणि टायमिंग कव्हरची कड. दोन जोड एकाच वेळी कसे काय गेले? सॉफ्टवेअरवाल्याला इथे शंका यायला हवी होती. मला आली नाही, चाचांना आली. त्यांनी थेट क्रँककेसच्या ब्रीदरची नळी काढली.

गंमत अशी आहे, की या 346 सीसीच्या इंजिनात एकच मोठा पिस्टन. तो खाली आला की खालची हवा दाबली जाते आणि नळीवाटे बाहेर पडते. वर गेला की बाहेरची हवा आत येऊ नये म्हणून तिथे बदकाच्या चोचीसारखा एक रबरी व्हॉल्व्ह असतो. आमची चोच कडक होऊन मिटून बसलेली, नळीत काळा गाळ. हवेला वाट नाही, म्हणून ती ऑइलला ढकलत जो जोड कच्चा सापडेल तिथून बाहेर काढत होती. आम्ही एक जोड बुजवला की दुसरा. तीस वर्षांत त्या रबराकडे आमच्यापैकी कोणी बघितलंच नव्हतं. दोष गाडीचा कशाला द्यायचा?

रबर बदललं, नळी साफ केली, वाकलेलं कव्हर काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट केलं, साधी गॅस्केट टाकली. सिलंट नाही. बिल झालं 1,380 रुपये. त्यात सामान 180 चं.

आणि माझ्या तोंडून निघालंच, "चाचा, एवढ्याशा रबराचे..." पुढचं गिळलं. कारण मी स्वतः काय करतो? दोन दिवस बग शोधतो, एक ओळ बदलतो, आणि कंपनी दोन्ही दिवसांचा पगार देते. ओळीचे पैसे नसतात, शोधण्याचे असतात. मग मिस्त्रीच्या शोधण्याला किंमत का नको? आपण पैसे देतो नटाला, गॅस्केटला, डब्याला. बघत बसलेल्या माणसाला आपण रिकामटेकडा समजतो. मग तो बिचारा सिलंटच लावणार! त्या तीन गॅरेजवाल्यांना मी दोष देत होतो, पण शोधून काढा, वेळ लागू दे, त्याचे पैसे देतो, असं मी एकदाही म्हणालो नव्हतो.

"दुसऱ्यांसारखं 'गळणारच' का नाही म्हणालात?" असं निघताना विचारलं. चाचा म्हणाले, "2016 ला या गावानं मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यालंय साहेब. ठिबकताना बघवत नाही."

तेव्हापासून लातूरहून परत आणि वर दोन चकरा झाल्या. पुठ्ठा रद्दीत गेला.

असो. ऑफिसात आमचा एक सर्व्हर आहे. मेमरी लीक होते म्हणून रोज रात्री तीन वाजता तो आपोआप रीस्टार्ट होतो. चार वर्षं झाली. नवीन पोरांनी विचारलं की आम्ही सांगतो, "जुनी सिस्टिम आहे, असं होणारच."

सोमवारी तो पुठ्ठा काढायचाय.