धावणारीचं बाईपण कोण ठरवणार?

मैत्रिणींनो,

या अंकाचं संपादकीय खरं तर रेशन दुकानांवरच्या आपल्या पाहणीविषयी लिहायचं ठरलं होतं. ते पुढच्या अंकात लिहीन. मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि ती मनातून जाईना, म्हणून आधी तिच्याविषयी.

आपल्या तालुक्यातल्या किशोरी शिबिरात शेवटच्या दिवशी खेळ ठेवले होते. लंगडी, दोरीच्या उड्या, आणि धावण्याची शर्यत. शर्यतीत नववीतली एक मुलगी सगळ्यांच्या इतकी पुढे गेली की बाकीच्या पोरी अर्ध्यावर असताना ही पोचून परत त्यांना बघत उभी. उंच, सडसडीत, आवाज थोडा भरडा, केस कापलेले. बघायला आलेल्या बायांपैकी एक म्हणाली, "आवं ताई, ही पोरगी हाय का पोरगा? आदी तपासून घ्या, मग बक्षीस द्या." सगळ्या हसल्या. मीही हसले. मुलीनं ते ऐकलं. बक्षिसाची वही तिनं घेतली, आणि संध्याकाळच्या गाण्यांना ती थांबली नाही.

वीस-पंचवीस वर्षं बायकांच्या प्रश्नांवर काम करणारी मी, त्या हसण्यात सामील होते. हे आधी कबूल करते आणि मग पुढचं लिहिते.

त्या रात्री मला शांती सौंदरराजन आठवली. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टै जिल्ह्यातली, वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित आईबापांची मुलगी. २००६ च्या डिसेंबरात दोहा इथल्या आशियाई खेळांत तिनं ८०० मीटर शर्यतीत रौप्यपदक मिळवलं. ती तेव्हा पंचवीस वर्षांची होती. शर्यतीनंतर तिची लिंगपरीक्षा झाली. अहवाल गुप्त राहायला हवा होता, पण तो वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर गेला. पदक काढून घेतलं. गावात, घरात, बाजारात, जिथे जाईल तिथे लोक तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघू लागले. पुढच्या वर्षी तिनं जीव द्यायचा प्रयत्न केला. ती वाचली, आपल्या जिल्ह्यातल्या मुलामुलींना धावायला शिकवू लागली. पण २०१२ मध्ये ती पुन्हा वीटभट्टीवर रोजंदारी करत असल्याच्या बातम्या आल्या. २०१६ मध्ये तमिळनाडू सरकारनं तिला प्रशिक्षक म्हणून कायम नोकरी दिली, म्हणजे दहा वर्षांनी. पदक मात्र परत मिळालं नाही.

तिच्या शरीरात काय आढळलं, याबद्दल इथे मी एक ओळही लिहिणार नाही. ती तिची खासगी बाब आहे. तिनं कुणाला फसवलं नव्हतं, औषध घेतलं नव्हतं, खोटं नाव लावलं नव्हतं. मुलगी म्हणून जन्मली, मुलगी म्हणून वाढली, मुलींमध्ये धावली, एवढंच.

आता थोडं मागे जाऊ या, कारण हा प्रश्न एकट्या शांतीचा नाही. १९२८ मध्ये ॲमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये बायका पहिल्यांदा ८०० मीटर धावल्या. शर्यत संपल्यावर काही जणी दमून मैदानावर टेकल्या, तर ओरड झाली की बाईच्या जातीला हे झेपायचं नाही. ती शर्यत ऑलिंपिकमधून काढून टाकली, ती थेट १९६० मध्ये परत आली. आपल्याकडच्या बायका तोवर थांबल्या नव्हत्या. १९५१ मध्ये दिल्लीला पहिले आशियाई खेळ झाले, तेव्हा रोशन मिस्त्रीनं १०० मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं, मुंबईच्या मेरी डिसोझानं २०० मीटरमध्ये कांस्य. १९५४ मध्ये मनिलाला मेरी डिसोझा, स्टेफी डिसोझा, व्हायोलेट पीटर्स आणि ख्रिस्तीन ब्राऊन या चौघींनी रिले शर्यतीत सुवर्णपदक आणलं. १९७० मध्ये कमलजीत संधू, १९८६ मध्ये सेऊलला चार सुवर्णपदकं मिळवणारी पी. टी. उषा, आणि २०१० मध्ये ग्वांगझोला १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि ५,००० मीटरमध्ये कांस्य आणणारी नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची आपली कविता राऊत. यांच्यापैकी कुणालाही 'बाईला हे झेपत नाही' हे ऐकावं लागलं नसेल, असं मला वाटत नाही.

आणि गंमत बघा. आधी म्हणायचं, बाई धावूच शकत नाही. मग ती धावू लागली, जोरात धावू लागली, की म्हणायचं, ही बाईच नाही. दोन्ही वाक्यांत बाई म्हणजे काय ते ठरवणारा कुणी दुसराच.

१९६६ मध्ये बुडापेस्टच्या युरोपीय स्पर्धेत स्त्री खेळाडूंना डॉक्टरांच्या पुढून विवस्त्र चालत जावं लागलं. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकपासून गुणसूत्रांची तपासणी आली. 'ही स्त्री आहे' असा दाखला खेळाडूंना मिळू लागला. पुरुष खेळाडूंना असा दाखला कधी कुणी मागितला नाही. या तपासण्यांत कुणी वेष बदललेला पुरुष सापडला नाही. सापडल्या त्या शरीरात जन्मतःच काही वेगळेपण असलेल्या बायका, ज्यांना बहुधा स्वतःलाही ते ठाऊक नव्हतं. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ स्त्री खेळाडूंची जनुकीय तपासणी झाली. आठ जणींचा निकाल 'संशयास्पद' आला. पुढे तपासल्यावर आठही जणींना स्त्री म्हणून खेळायची परवानगी मिळाली. अखेर १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं सरसकट तपासणी बंद केली. संशयावरून तपासणी मात्र चालू राहिली, आणि त्या संशयाच्या वाटेवरच शांती सापडली. संशय कुणाचा घेतला जातो? जी गोरी, नाजूक, लांब केसांची आहे तिचा नाही. जी काळी आहे, रापलेली आहे, जिची छाती सपाट आणि दंड भरलेले आहेत, तिचा.

आता ही जनुकीय तपासणी परत आली आहे. जागतिक ॲथलेटिक्स संघटनेनं १ सप्टेंबर २०२५ पासून, जागतिक क्रमवारीसाठी धरल्या जाणाऱ्या स्पर्धांत, स्त्री गटात उतरणाऱ्या प्रत्येकीला एसआरवाय या जनुकाची तपासणी सक्तीची केली. गालाच्या आतून कापसानं नमुना घ्यायचा किंवा रक्त घ्यायचं, आयुष्यात एकदाच. ऐकायला साधं वाटतं. पण १९९० मध्ये हा जनुक ज्यांनी शोधला, त्या अँड्र्यू सिंक्लेअर या शास्त्रज्ञानंच या वापराला विरोध केला. हा जनुक असला म्हणजे शरीर पुरुषाचं झालंच असं होत नाही. तो जनुक काम करतो का, संप्रेरकं तयार होतात का, शरीर ती संप्रेरकं वापरू शकतं का, यातलं काहीच ती तपासणी सांगत नाही.

आमच्या मासिक बैठकीत मी हे मांडलं, तेव्हा एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "ताई, हे सगळं खरं. पण दुसऱ्या नंबरवर आलेल्या पोरीचं काय? तीही गरिबाचीच ना?" प्रश्न रास्त आहे, आणि तो झटकून टाकायचा नाही. वरच्या पातळीवर पुरुषांच्या आणि बायकांच्या धावण्याच्या वेळांत साधारण दहा-बारा टक्क्यांचं अंतर पडतं. स्त्रियांचा वेगळा गट नसता, तर वर घेतलेल्यांपैकी एकही नाव आपल्याला माहीत झालं नसतं. तो गट राहायला हवा, हे मला मान्य आहे. त्याची सीमा कुठे आखायची, याचं सोपं उत्तर माझ्याजवळ नाही. शास्त्रज्ञांतही त्यावर एकमत नाही.

पण न्यायाचा एवढा कळवळा असेल, तर मला आणखी काही मोजून हवं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार आपल्या देशात १५ ते १९ वयाच्या १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत दम टिकतो तो रक्तातल्या हिमोग्लोबिनवर. भावाच्या ताटात अंडं आणि बहिणीच्या ताटात चटणी-भाकरी, सकाळी दोन खेपा पाणी, मग शाळा, मग धुणं, आणि पाळी आली की मैदान बंद. ही असमानता कोणत्या नळीत तपासणार? दुसऱ्या नंबरवर आलेल्या पोरीचा खरा घात तिथे होतो. पहिल्या नंबरवर आलेल्या पोरीला नागडं करून तो भरून निघत नाही.

दुसरं असं की, संशय एकदा मैदानात सोडला की तो कुणालाही सोडत नाही. २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत पदक हुकलेल्या एका भारतीय खेळाडूनं पदक मिळवलेल्या सहकारी खेळाडूच्या स्त्री असण्यावरच जाहीर शंका घेतली. नंतर तो मजकूर तिनं मागे घेतला. दोघीही गरीब घरातून आलेल्या. आपल्या शिबिरातली ती बाई आणि मी, आम्ही तरी वेगळं काय केलं?

आणि संशयाची किंमत पदकापुरती राहत नाही. २०१३ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी एका वैद्यकीय नियतकालिकात नोंदवलं की, विकसनशील देशांच्या ग्रामीण आणि डोंगराळ भागातल्या १८ ते २१ वर्षांच्या चार खेळाडूंवर शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यांच्या प्रकृतीला धोका नव्हता, तरी आतल्या ग्रंथी काढल्या, आणि योनिलिंगाचा काही भागही कापला. त्याचा धावण्याशी संबंध काय, हे कुणी सांगावं. खेळायचं असेल तर कापून घे, हा सल्ला जिला मिळतो, तिच्या संमतीला संमती म्हणायचं का?

ओडिशातल्या विणकर कुटुंबातली द्युती चंद २०१४ मध्ये अठरा वर्षांची होती. राष्ट्रकुल स्पर्धेच्या तोंडावर, शरीरात टेस्टोस्टेरॉन जास्त आहे म्हणून तिला वगळलं. तिनं उपचार घ्यायला नकार दिला आणि क्रीडा लवादाकडे दाद मागितली. या वेळी ती एकटी नव्हती. पयोष्णी मित्रा यांच्यासारख्या अभ्यासक, वकील, आणि सरकारी क्रीडा प्राधिकरण तिच्या बाजूनं उभे राहिले. जुलै २०१५ मध्ये लवादानं तो नियम स्थगित केला आणि २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई खेळांत तिनं १०० आणि २०० मीटरमध्ये रौप्यपदकं मिळवली. पुढे उत्तेजक द्रव्यांच्या प्रकरणी २०२३ मध्ये तिच्यावर बंदी आली, तो वेगळा विषय आहे आणि त्याचं समर्थन करायचं कारण नाही. पण शांती आणि द्युती यांच्यातला फरक शरीराचा नव्हता. एकीच्या पाठीशी कुणी नव्हतं, दुसरीच्या पाठीशी माणसं होती. दक्षिण आफ्रिकेची कास्टर सेमेन्याही लढत राहिली, आणि जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या मोठ्या पीठानं सांगितलं की, स्वित्झर्लंडच्या न्यायालयात तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही.

आपल्याला हे नवं नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रातल्या संघटना रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा इथे झाला. बलात्कार झालेल्या बाईची 'दोन बोटांची तपासणी' तिच्या हक्कांवर घाला आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये म्हटलं आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं. लग्नाच्या रात्री पांढरी चादर अंथरून घेतल्या जाणाऱ्या कौमार्य परीक्षेविरुद्ध इथलीच तरुण मुलंमुली उभी राहिली. बाईचं शरीर तपासून तिची लायकी ठरवायची, हा धागा या सगळ्यांतून जातो. मैदानावरच्या परीक्षेकडे मात्र आपण 'तो खेळवाल्यांचा प्रश्न' म्हणून पाहिलं. ती आपली चूक झाली.

तेव्हा काय करता येईल? आपल्या जिल्ह्यातून कोणत्या मुली राज्य पातळीवर खेळतात, याची आधी माहिती घेऊ या. तपासणीचा कागद पुढे आला, तर तो मुलीला तिच्या भाषेत समजावून सांगितला जावा, सोबत तिच्या विश्वासाची बाई असावी, निकाल तिच्याखेरीज कुणालाही कळू नये, आणि नकोसा निकाल आला तर समुपदेशन आणि कायद्याची मदत मिळावी, हा आग्रह क्रीडा अधिकाऱ्यांकडे लेखी धरू या. कोणत्याही मुलीवर खेळासाठी शस्त्रक्रिया वा औषधांची सक्ती नको, हे ठरावात लिहू या. आणि शाळेच्या मैदानावर 'पोरगी की पोरगा' असं कुणी म्हणालं, तर तिथल्या तिथे थांबवू या. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण तिथे समोर सरकार नसतं, आपल्यातलीच एक बाई असते.

मी त्या मुलीच्या घरी जाऊन आले. ती शेळ्या घेऊन गेली होती. तिची आई चहा टाकताना म्हणाली, "लहानपणापासून अशीच हाय ती. मी काय करू? पळती म्हणून मारू का तिला?" मी म्हटलं, मारू नका. मी हसले होते, त्याची माफी मागायला आले आहे. आईला ते नीट कळलं नाही, किंवा कळून ती काही बोलली नाही. मुलगी येईपर्यंत थांबले. ती आली, ऐकून घेतलं, मान हलवली आणि शेळ्या बांधायला गेली. माफ केलं की नाही, ते मला माहीत नाही. डिसेंबरात तालुक्याच्या शर्यती आहेत. ती उतरली, तर रेषेजवळ आपण चार-पाच जणींनी उभं राहायचं ठरवलं आहे.

तुमच्या भागात असं काही घडलं असेल, तर जरूर कळवा. नावं छापणार नाही.

तुमची,
संपादक