वीस वर्षांचा चरखा, तीन वर्षांचा फोन

'फोन जुना झाला' या वाक्यात बहुतेक वेळा लबाडी असते. काच शाबूत असते, कॅमेरा फोटो काढतो, सिम घातलं की रेंज येते, बॅटरी गावातला दुकानदारही बदलून देतो. जुनं होतं ते आतलं सॉफ्टवेअर. कंपनीने दोन-तीन वर्षांत त्याचे अपडेट थांबवलेले असतात, आणि दुसऱ्या कोणी नवं सॉफ्टवेअर घालू नये म्हणून दाराला कुलूपही घातलेलं असतं. सॉफ्टवेअर हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे. म्हणून ते कुलूप कसं असतं हे आधी सांगतो, आणि मग ते कोणी काढायला हवं यावर भांडतो.

अँड्रॉइडचा गाभा म्हणजे लिनक्स कर्नेल. त्याचा परवाना, जीपीएल, सांगतो की हा गाभा घालून यंत्र विकायचं असेल तर त्याचा सोर्स कोड घेणाऱ्याला द्यावा लागेल. ही मेहेरबानी नव्हे, अट आहे. या अटीच्या आधारावरच लिनेजओएससारख्या पर्यायी सिस्टीम उभ्या आहेत. सायनोजेनमॉड २०१६च्या डिसेंबरात बंद पडलं, तेव्हा त्याचा कोड उचलून स्वयंसेवकांनी लिनेजओएस सुरू केलं. कंपनीने सोडून दिलेल्या कित्येक फोनना त्यातून नवं अँड्रॉइड मिळालं.

यादीत नसलेल्या फोनवर ती सिस्टीम न्यायची तर काम असं चालतं. आधी बूटलोडर उघडायचा. फोन सुरू होताना पहिल्यांदा जागा होणारा आणि पुढे कोणाला आत सोडायचं हे ठरवणारा हा पहारेकरी. मग त्या फोनच्या कर्नेलचा कोड मिळवायचा. पडदा कोणता, चार्जिंगची चिप कोणती, मेमरीचे भाग कुठे कापलेत, याची वर्णनं लिहायची. मोडेम, कॅमेरा, बोटाचा ठसा यांचे बंद तुकडे मूळ सिस्टीममधून काढून नव्यात बसवायचे. मग रात्री-रात्री फोन फक्त लोगो दाखवतो आणि पुन्हा बंद-चालू होतो. एक दिवस पडदा लागतो, मग स्पर्श, मग वायफाय, मग आवाज. कॅमेरा सगळ्यात शेवटी, कधी कधी कधीच नाही.

हे कष्ट आनंदाचे असतात. संताप येतो तो कृत्रिम अडथळ्यांचा. मी हात घातलेल्या एका स्वस्त फोनचा कोड कंपनीने प्रसिद्ध केला होता खरा, पण फोनमध्ये चालणाऱ्या आवृत्तीच्या आधीचा, आणि पडद्याच्या ड्रायव्हरची फाइलच त्यात नव्हती. तीन ईमेलना उत्तर नाही. असा अर्धवट कोड देणं म्हणजे सातबारा देऊन त्यातला गट नंबर खोडणं.

यंत्र कोणाचं, हा प्रश्न वर्धा जिल्ह्याला नवा नाही. गांधीजी वर्ध्याला येण्याच्या काही वर्षं आधी, १९२९ साली, अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. अटी वाचण्यासारख्या होत्या. किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, झोपडीत बसून बाईला आठ तास फार न थकता चालवता यावा, आणि नीट निगा राखली तर निदान वीस वर्षं टिकावा. बक्षीस कोणालाच मिळालं नाही. पण त्या अटी म्हणजे चांगल्या यंत्राची आपल्याकडची एक व्याख्या आहे. पुढे १९३४मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला, जे. सी. कुमारप्पा मगनवाडीत काम करू लागले, १९३८च्या ३० डिसेंबरला मगन संग्रहालय उघडलं. गांधींना यंत्रच नको होतं असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की सिंगरच्या शिलाई मशीनला त्यांनी आवर्जून अपवाद केलं होतं. हा चरखा आपण जपला, पण काचेआड. त्यामागचा प्रश्न मात्र खिशातल्या यंत्राला विचारायचं विसरलो.

आणि हे खिशातलं यंत्र आता हौसेचं राहिलेलं नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. देवळी-सेलूच्या शेतकऱ्याने बांधावर उभं राहून पिकाची नोंद फोनमधून करायची. २०२५च्या हंगामात हमीभावाने कापूस विकायचा तर सीसीआयने 'कपास किसान' ॲपवर नोंदणी मागितली. फोन वखर-तिफणीसारखं शेतीचं अवजार झाला. फरक इतकाच की वखराची पास बोथट झाली तर लोहार धार लावून देतो. ॲपने जास्त नवं अँड्रॉइड मागितलं, तर शेतकऱ्याने धडधाकट फोन टाकून नवा घ्यायचा.

सगळ्यात बोलका दाखला अंगणवाडीचा. २०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. दोन जीबी रॅम, फोन तापतो, अडकतो, दुरुस्तीचा खर्च आपल्याच माथी, आणि पोषण ट्रॅकर इंग्रजीत. बातम्यांत हे आंदोलन म्हणून आलं. मला त्यात वाया गेलेली संधी दिसते. हजारो फोन, मॉडेल एकच! पोर्टिंगची मेहनत मॉडेलमागे असते, नगामागे नाही. चार-पाच जाणत्या माणसांनी काही महिने बसून एक हलकी, अनावश्यक ॲप्स काढलेली, अद्ययावत सिस्टीम केली की ती सगळ्या फोनवर चढते. दोन जीबीचे चार जीबी होत नाहीत, हे मान्य. पण आहेत त्या दोन जीबीत सेविकेचं काम बसवता येतं का, हे पाहण्याची सोय तरी हवी. त्यासाठी बूटलोडर उघडा हवा आणि कोड पूर्ण हवा. सरकारी निविदांमध्ये रॅम, बॅटरी, वॉरंटी यांचे रकाने असतात. या दोन गोष्टींचा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

'हे सगळं सुरक्षिततेसाठी आहे' हे उत्तर मला पाठ आहे. चोराने फोन पुसून वापरू नये, म्हणून कुलूप. बरोबर. पण घराला कुलूप हवं म्हणून किल्ली बिल्डरकडे ठेवत नाहीत. गूगलच्या पिक्सेल फोनवर मालकाला स्वतःची किल्ली घालून बूटलोडर पुन्हा बंद करता येतो. म्हणजे तंत्र आहे, दानत नाही. शिवाय ही सुरक्षितता विचित्र आहे. चार वर्षं एकही पॅच न मिळालेला फोन, केवळ मूळ सिस्टीम आहे म्हणून, बँकेच्या कित्येक ॲप्सना चालतो. त्याच फोनवर गेल्या महिन्याचे पॅच असलेली लिनेजओएस चढवली, तर तेच ॲप 'तुमचा फोन असुरक्षित आहे' म्हणतं. मोडेमचं फर्मवेअर दोन्हीकडे जुनंच राहतं. म्हणजे तपासली जाते ती मालकी, सुरक्षितता नव्हे.

युरोपीय संघात २० जून २०२५पासून नियम लागू झाला आहे की फोनचं मॉडेल बाजारातून गेल्यावरही निदान पाच वर्षं अपडेट द्यावे लागतील. आपल्याकडे २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती झाली, पोर्टल निघालं. चांगलंच आहे. पण युरोपचा नियमही पाच वर्षांनंतर गप्प होतो, आणि किल्ली तेव्हाही कंपनीकडेच राहते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. अपडेट थांबतील त्या दिवशी बूटलोडरची किल्ली मालकाला बिनशर्त मिळावी. कर्नेलचा पूर्ण, प्रत्यक्षात कंपाइल होणारा कोड फोन विक्रीला येतानाच प्रसिद्ध व्हावा. या दोन अटी न मानणाऱ्याकडून सरकारने एकही फोन घेऊ नये. आणि ज्या ॲपशिवाय पिकाची नोंद होत नाही की कापूस विकता येत नाही, ते ॲप मालकाने स्वतः दुरुस्त केलेल्या फोनवर चाललंच पाहिजे.

माझ्या क्षेत्रातल्या मित्रांनाही एक सांगणं. आपण पोर्ट करतो ते आपल्या खिशातल्या महागड्या फोनांचं. आर्वीच्या बाजारात विकल्या जाणाऱ्या सात-आठ हजारांच्या फोनला वाली नाही, कारण तो वापरणाऱ्याला कर्नेल म्हणजे काय हे माहीत नसतं. ते त्याला माहीत असण्याची गरजही नाही. वखर वापरणाऱ्याला भाता कुठे चालवता येतो? गावात लोहार असला की पुरतं. लोहार व्हायला तयार असलेले आपण पुष्कळ आहोत. कंपन्यांनी आधी भट्टीवरचं कुलूप काढावं, आणि त्या काढत नसतील तर सरकारने निविदेतल्या एका ओळीने ते काढायला लावावं.