सागवानाने लिहून ठेवलेला पाऊस

पाऊस लांबला की आमच्या मराठवाड्यात दोन वाक्ये हमखास कानावर येतात. पहिले वाक्य, ‘असा दुष्काळ यापूर्वी कधी पडला नव्हता.’ दुसरे, ‘आपल्या हातात काय आहे?’ दोन्ही वाक्ये आम्ही शाळेत, बाजारात आणि मस्जिदीच्या पायऱ्यांवर इतक्या वेळा ऐकली आहेत की, ती खरी आहेत का, हे तपासून पाहावे असे कुणाला वाटतच नाही. या महिन्यात आम्ही वाचकांपुढे असा एक साक्षीदार आणत आहोत, जो पाचशे वर्षे एका जागी उभा राहून पाऊस मोजत आला आहे. तो साक्षीदार म्हणजे सागाचे झाड. उर्दूत त्याला सागवान म्हणतात.

माणसाची आठवण फार लांब जात नाही. आपल्या घरातील वडीलधारी मंडळी १९७२ च्या दुष्काळाबद्दल सांगतात. खडी फोडायला गेलेल्या बायका, सुकडी आणि तांबड्या मिलोची भाकरी त्यांना आठवते. त्याच्या मागचे मात्र ऐकीव. सरकारी नोंदींचीही मर्यादा आहे. आपल्या देशाचे हवामान खाते १८७५ साली सुरू झाले. काही मोजक्या शहरांच्या नोंदी त्याआधीच्या आहेत, पण साऱ्या देशाच्या पावसाचा सलग हिशेब साधारण दीडशे वर्षांचाच मिळतो. त्यामागचा पाऊस कुणाला विचारायचा? बखरी आणि तवारिखा मोठ्या दुष्काळांची हकिकत सांगतात, पण वर्षावर्षाचा पाऊस त्यांत नसतो.

तो हिशेब झाडाच्या खोडात असतो. साग दर वर्षी पाने टाकतो आणि काही महिने झाडाची वाढ थांबते. पाऊस आला की झाड जागे होते. वाढीच्या सुरुवातीला जे लाकूड तयार होते, त्यात पाणी वर नेणाऱ्या नळ्या मोठ्या असतात. हंगाम पुढे सरकतो तशा नळ्या लहान होतात आणि लाकूड घट्ट होत जाते. मग पुन्हा विश्रांती. अशा रीतीने दर वर्षाचे एक वर्तुळ खोडात उमटते. पाणी भरपूर मिळाले तर वर्तुळ रुंद, पाणी कमी मिळाले तर अरुंद. आंबा किंवा जांभूळ यांसारख्या सदाहरित झाडांत ही वर्तुळे सहसा इतकी स्वच्छ दिसत नाहीत. उष्ण प्रदेशातील फार थोडी झाडे असा स्पष्ट हिशेब ठेवतात, आणि त्यांत सागाचा मान मोठा आहे.

हा हिशेब वाचण्याचे काम आपल्या महाराष्ट्रातच चालते. पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. १९६२ साली ती स्थापन झाली. पावसाळ्याचा अभ्यास हे तिचे मुख्य काम, आणि तेथील शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे झाडांच्या वर्तुळांचाही अभ्यास केला आहे. एच. पी. बोरगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळच्या जंगलांतील जुन्या सागांची वर्तुळे मोजून १४८१ ते २००३ अशा ५२३ वर्षांची सलग नोंद तयार केली. २०१० साली ती प्रसिद्ध झाली.

१४८१ म्हणजे किती जुने? त्याच वर्षी बहमनी सल्तनतीचे वजीर महमूद गवान यांना खोट्या आरोपावरून ठार मारण्यात आले. बीदरचा त्यांचा मदरसा आजही उभा आहे. मलिक अंबर यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. त्यांनी खडकी वसवली ती १६१० साली. तीच पुढे औरंगाबाद झाली आणि आता छत्रपती संभाजीनगर. म्हणजे आमच्या शहराचा पहिला दगड बसला तेव्हा त्या सागांच्या हिशेबात सव्वाशेहून अधिक वर्षांची नोंद झालेली होती. बादशाह आले, सुभेदार आले, निजाम आले आणि गेले. झाडाने कुणाचेही नाव लिहिले नाही, फक्त पाणी किती मिळाले ते लिहिले.

आता मुद्द्याची गोष्ट. या नोंदीत काय दिसले? भारतात मोसमी पाऊस कमी पडला त्या वर्षांत सागाची वाढ खुंटण्याचे प्रमाण जास्त दिसते. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पुढच्या काळात, प्रशांत महासागराचे पाणी तापण्याच्या घटनेशी जोडलेल्या दुष्काळांच्या वर्षांत, ही खूण ठळक आहे. त्या घटनेला एल निन्यो म्हणतात. दक्षिण अमेरिकेतील पेरू देशाच्या कोळ्यांनी ते नाव ठेवले. हे कोमट पाणी नाताळच्या सुमारास किनाऱ्याला लागे, म्हणून स्पॅनिश भाषेत ‘बाळ’, म्हणजे बाळ येशू, आपले हजरत ईसा (अ.). आपल्याकडचे १८७७, १८९९ आणि १९७२ हे तिन्ही मोठे दुष्काळ एल निन्योच्या वर्षांतले आहेत. त्याच्याही मागे, पावसाची मोजणी सुरू होण्याआधीच्या काळात, एल निन्योच्या ज्ञात वर्षांत सागाची वर्तुळे पुष्कळदा अरुंदच सापडली.

इथे दोन गोष्टी नीट समजून घ्यायला हव्यात. केरळचा साग आपल्या गावच्या शिवारात किती पाऊस पडला ते सांगत नाही. त्याचे नाते साऱ्या देशाच्या मोसमी पावसाशी जुळते. आणि प्रत्येक एल निन्यो दुष्काळ आणतोच असेही नाही. १९९७ साली तो फार जोरात होता, तरी देशाचा पाऊस सरासरीइतका झाला. पण एवढे नक्की की ‘असा दुष्काळ यापूर्वी कधी नव्हता’ हे पहिले वाक्य झाड खोडून काढते. कमी पावसाची वर्षे याआधीही आली, पुन्हा पुन्हा आली आणि पुढेही येणार.

शास्त्रज्ञ हे काम कसे करतात, हे आमच्या वर्गातील मुले नेहमी विचारतात. झाड तोडावे लागत नाही. आतून पोकळ असलेला एक बारीक गिरमिट खोडात फिरवतात आणि पेन्सिलीसारखी लाकडाची कांडी बाहेर काढतात. ती घासून गुळगुळीत करून सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. पण एका झाडावर कुणी भरवसा ठेवत नाही. कधी पावसात मोठा खंड पडला आणि नंतर पुन्हा पाऊस आला तर साग एकाच वर्षात दोन वर्तुळे काढतो. कधी वर्तुळ उमटतच नाही. म्हणून अनेक झाडांच्या कांड्या शेजारी ठेवून रुंद-अरुंद वर्तुळांची ओळ जुळवून पाहतात. एका साक्षीदाराची साक्ष दुसऱ्याशी पडताळून घ्यायची, ही रीत आपल्याला हदीसच्या अभ्यासातून चांगलीच परिचयाची आहे.

या विद्येचा पाया अमेरिकेतील ए. ई. डग्लस या खगोलशास्त्रज्ञाने घातला. सूर्यावरील डागांचा हिशेब शोधता शोधता तो झाडांकडे वळला. ॲरिझोना भागातील जुन्या, ओसाड वस्त्यांच्या तुळयांवरून त्याने वर्तुळांची एक लांब ओळ तयार केली होती, पण ती आजच्या झाडांच्या ओळीशी जुळत नव्हती. १९२९ साली एक जळालेली तुळई सापडली आणि तिच्यामुळे दोन्ही ओळी जोडल्या गेल्या. मग त्या वस्त्या कधी बांधल्या ते कळले, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीस, १२७६ ते १२९९ या काळात, तिथे मोठा दुष्काळ पडल्याचेही कळले. जळके लाकूड म्हणून कुणी ते चुलीत घातले असते तर?

आमच्या जुन्या शहरात सध्या जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहत आहेत. त्या घरांच्या तुळया आणि खांब वखारीत जातात, चिरून त्यांचे दरवाजे होतात आणि उरलेले तुकडे जळणात जातात. घर पाडू नका, असे आम्ही कुणाला सांगणार नाही. कुटुंब वाढते, भिंती खचतात. एवढेच करा की तुळईच्या टोकाचा एक काप ठेवून घ्या. घर कुणी बांधले, कधी बांधले, लाकूड कुठून आणले, हे घरातील बुजुर्गांना विचारून त्यावर चिठ्ठी लावा. लाकूड कुठल्या जंगलातले हे माहीत असेल तरच अभ्यासकाला त्याचा खरा उपयोग होतो, आणि ते सांगणारी माणसे आपल्यातून निघून जात आहेत. मुलांना मोहल्ल्यातील सुताराकडेही घेऊन जा. सागाच्या तुकड्याचे टोक गुळगुळीत करून, ओले करून, वर्तुळे मोजायला लावा. दहा वर्षांची मुलगी आपल्या वयाइतकी वर्तुळे मोजते तेव्हा ती ‘वर्ष’ हा शब्द नव्याने शिकते.

आता दुसरे वाक्य, ‘आपल्या हातात काय आहे?’ पाऊस आपल्या हातात नाही, हे खरेच. तो अल्लाहच्या हुकमाने पडतो आणि म्हणूनच आपल्याला नमाज-ए-इस्तिस्का शिकवली गेली. पण सूरह यूसुफमध्ये काय आहे, तेही आठवावे. बादशाहाने स्वप्न पाहिले. हजरत यूसुफ (अ.) यांनी त्याचा अर्थ सांगितला, पण नुसता अर्थ सांगून ते थांबले नाहीत. सुबत्तेची सात वर्षे पिकवा, खाण्यापुरते घ्या, बाकीचे धान्य कणसातच राहू द्या, म्हणजे पुढच्या कठीण वर्षांत ते कामी येईल, अशी तरतूदही त्यांनी सांगितली. पुढे कोठारांची जबाबदारी स्वतः मागून घेतली. खबर मिळाल्यावर हात जोडून बसणे ही नबींची रीत नव्हती. त्यांना खबर स्वप्नातून मिळाली, आपल्याला झाडाच्या खोडातून मिळते आहे.

मलिक अंबर यांनीही तेच केले. दख्खनचा हा भाग कमी पावसाचा, हे ओळखून त्यांनी डोंगराकडचे जमिनीखालचे पाणी नहरीने शहरात आणले. पुढे पाणचक्कीलाही अशाच नहरीचे पाणी मिळाले. आज आमचे शहर जायकवाडीवर अवलंबून आहे आणि नळाला कित्येक दिवसांआड पाणी येते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी पाठवावे लागले, ते तर आपण सर्वांनी पाहिले.

म्हणून घरात करता येतील अशी तीन कामे सांगतो. पहिले, छतावरचे पाणी. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पाचशे चौरस फुटांचे छत असेल तर दहा मिलिमीटरच्या एका सरीत साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी गटारात जाते. ते पाइपाने टाकीत किंवा बोअरजवळच्या खड्ड्यात सोडता येते. मस्जिदीचे आणि मदरशाचे छत तर याहून मोठे असते. मोहल्ल्याच्या कमिटीने हे काम पावसाआधी करावे.

दुसरे, वुजूचे पाणी. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द पाण्यात वुजू करत, असे सहीह हदीसमध्ये येते. एक मुद्द म्हणजे साधारण पाऊण लिटर. एकदा नळाखाली बादली ठेवून वुजू करून पाहा, बादलीत किती जमा होते ते घरच्यांना दाखवा. मग बोलण्याची गरज उरत नाही.

तिसरे, झाड. मुसलमानाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पाखराने किंवा जनावराने खाल्ले तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका लिहिले जाते, ही हदीस आपण मुलांना पाठ करून घेतो. पाठ करून घेतली त्याच आठवड्यात रोप हातात द्यावे. साग लावायला जागा नसेल तर कडुनिंब लावा, जांभूळ लावा. दोन उन्हाळे त्याला पाणी घालण्याची जबाबदारी घरातील एका मुलाच्या नावावर ठेवा, कारण आमच्याकडे रोपे लावली पुष्कळ जातात, जगतात थोडी.

या वर्षीचा पाऊस कसा होईल हे अल्लाहलाच ठाऊक. जंगलात उभा असलेला साग त्याचे वर्तुळ लिहीलच. तो रुंद लिहो, अशी दुआ करू या, आणि अरुंद लिहिला तरी आपल्या घरातील पोरांना हंडे घेऊन रस्त्यावर धावावे लागू नये, एवढी तयारी पहिल्या सरीच्या आधी करू या.