कुऱ्हाड, कुंपण आणि तटस्थता

आयर्लंडच्या पश्चिमेला शॅनन नावाचा विमानतळ आहे. विमानतळ मुलकी, पण अमेरिकेची सैनिकी वाहतूकही तेथून होत आली आहे. आणि आयर्लंड तर स्वतःला लष्करीदृष्ट्या तटस्थ म्हणवतो. २००३ च्या आरंभी इराकवरील युद्धाची तयारी चालू असता ही विसंगती तेथील अनेकांना असह्य झाली. २९ जानेवारीला एका परिचारिकेने तेथे उभ्या असलेल्या अमेरिकी नौदलाच्या विमानावर कुऱ्हाड चालवली. विमान दुरुस्तीसाठी हँगरमध्ये गेले. ३ फेब्रुवारीला पाच युद्धविरोधी कार्यकर्ते तेथे शिरले आणि त्यांनी त्याच विमानावर हातोड्याचे घाव घातले. ते पळाले नाहीत. प्रार्थना करीत अटकेची वाट पाहत बसले.

एकच विमान आठवड्याच्या आत दोनदा फोडले जाते, ही सुरक्षाव्यवस्थेची नामुष्कीच होय. हातोड्याऐवजी बॉम्ब असता तर? सरकारने त्यानंतर तेथे सैनिकांचा पहारा बसवला, तो योग्यच होता. परंतु जो अटक करून घेण्यासाठीच येतो, त्याला शिक्षेचा धाक कसा रोखणार? शिवाय सैनिकी विमान आत येताच सारा मुलकी विमानतळ युद्धाच्या सावलीत येतो. त्याची जोखीम उचलतात प्रवासी, सामान चढवणारे हमाल, सफाई कामगार. त्यांना कोणी विचारले होते काय?

जुलै २००६ मध्ये डब्लिनच्या न्यायालयात ज्यूरीने त्या पाचही जणांना एकमताने निर्दोष ठरवले. इतरांचे प्राण वाचवण्यासाठी आपण हे केले, असा त्यांचा बचाव होता.

म्हणून हातोडा समर्थनीय ठरतो काय? मला तसे वाटत नाही. त्यांच्या प्रामाणिकपणाविषयी मला आदर आहे. पण सद्सद्विवेकाची साक्ष उद्या कोणीही काढील, आणि प्रत्येकाचा विवेक इतका निर्मळ असेलच असे नाही. विमानाची एखादी इजा तपासणीत नजरेतून सुटली, तर बळी जाणारे युद्ध पुकारणारे नसतात.

मग नागरिकाने करावे काय? याचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. जानेवारी १९९१ मध्ये, आखाती युद्धाच्या वेळी, अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईच्या विमानतळावर इंधन दिले जात होते. अलिप्ततेचा वारसा सांगणाऱ्या देशात ही गोष्ट उघड होताच गदारोळ उठला. चंद्रशेखर सरकार ज्या काँग्रेसच्या पाठिंब्यावर उभे होते, तिनेच विरोध केला आणि फेब्रुवारीत ही सवलत बंद झाली. त्यासाठी कोणाला कुऱ्हाड उचलावी लागली नाही. यात राजकारण नव्हते असे नाही. पण आधी लोकांना कळले, म्हणूनच ते राजकारण घडू शकले.

सैनिकी विमानांची जागा सैनिकी तळावर. मुलकी धावपट्टी त्यांना द्यायचीच असेल, तर ते संसदेत उघडपणे सांगावे आणि विरोध ऐकून घ्यावा. कुंपण उंच करण्याचे काम कोणताही कंत्राटदार करील. लोकांना विश्वासात घेण्याचे काम मात्र सरकारलाच करावे लागते. ते जेथे होत नाही, तेथे पहारा कितीही वाढवला तरी तो अपुराच पडणार.