गुडघ्याची किंमत ठरली; पुनर्वसनाचे काय?

१६ ऑगस्ट २०१७ रोजी राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा घातली. सरासरी १,५८,३२४ रुपयांना विकला जाणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा, कर वगळता, ५४,७२० रुपयांवर आला. वेदनेने जेरीस आलेला रुग्ण विक्रेत्याशी घासाघीस करू शकत नाही. म्हणून हा हस्तक्षेप सर्वथा योग्य होता. परंतु सांधा स्वस्त झाला म्हणजे रुग्ण बरा झाला, असे नव्हे.

बरे होण्याचे एक साधे माप आहे. मांडी व पोटरी यांच्या रेषेत कोनमापकाचे दोन हात धरले की गुडघा किती अंश वाकतो आणि पूर्ण सरळ होतो की नाही, हे कळते. सपाट रस्त्यावर चालण्यास सुमारे ६५ अंश पुरतात. जिना चढण्या-उतरण्यास व खुर्चीतून उठण्यास ९० किंवा थोडे अधिक लागतात. उकिडवे बसण्यास १२० च्याही पुढे जावे लागते. या आकड्यांत वर्गभेद दडलेला आहे. ११० अंशांवर कचेरीतील कारकून पुन्हा कामावर रुजू होतो. खुरपणी करणारी शेतमजूर स्त्री किंवा फरशी बसवणारा कारागीर मात्र रोजगाराला मुकतो. शिवाय अशा शस्त्रक्रियेनंतर उकिडवे बसणे टाळण्याचाच सल्ला बहुधा मिळतो. रुग्णालयाच्या दप्तरी मात्र दोन्ही शस्त्रक्रिया सारख्याच ‘यशस्वी’ ठरतात.

हे अंश आपोआप परत येत नाहीत. अनेक आठवडे, देखरेखीखाली, वेदना सोसून रोज व्यायाम करावा लागतो. पाय हलवला नाही तर सांधा आखडतो. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या केवळ १५ दिवसांचा खर्च धरलेला आहे. पुढे फिजिओथेरपिस्टची फी, तालुक्याला जाण्याचे भाडे आणि सोबत जाणाऱ्याची बुडालेली मजुरी हा सारा भार कुटुंबावर पडतो. तो पेलला नाही की व्यायाम थांबतो आणि सांध्यावर झालेला सार्वजनिक खर्चही बव्हंशी वाया जातो. काटकसरीच्या दृष्टीनेही हे धोरण आंधळे आहे.

म्हणून मागणी स्पष्ट असावी. किमान तीन महिन्यांचे व्यायामोपचार योजनेतच समाविष्ट व्हावेत. ग्रामीण रुग्णालयांत फिजिओथेरपिस्टची पदे निर्माण करून ती भरावीत. घरी जाताना, सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी मोजलेले अंश रुग्णाच्या कार्डावर नोंदवावेत, आणि त्यांच्याशेजारी त्याचा व्यवसायही लिहावा. जुने काम करणे ज्याला शक्य नाही, त्याला पर्यायी काम मिळवून देणे हाही उपचाराचाच भाग मानावा. रुग्णांना रुग्णालयात पोचवणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही नोंद मागण्यापासून आरंभ करावा; नोंदच नसेल तर अन्याय सिद्ध करणेही अवघड होते.